पुन्हा दिवस जातील का?

काही प्रश्न बाई मोठ्याने विचारत नाही. नवऱ्याला विचारत नाही, सासूला विचारत नाही. माहेरी गेली तर एखादे वेळी आईजवळ बोलते. त्यातलाच हा एक प्रश्न. नळीत गर्भ राहिला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन केले, एक नळी काढून टाकली. जीव वाचला. आता पुन्हा दिवस जातील का?

उत्तर आधी सांगतो, कारण मागून सांगतो. बहुतेक जणींना जातात. पण पुढच्या खेपेला एक गोष्ट वेगळी करावी लागते. पाळी चुकली की ती बातमी तीन महिने झाकून ठेवायची नाही. लगेच तपासणीला जायचे. असे का, ते आता नीट पाहू.

मी शाळामास्तर, डॉक्टर नव्हे. पुरुषाने हे का लिहावे, असेही कोणी म्हणेल. म्हणू दे. घरात गाडी कोणी काढायची, दवाखान्याला पैसे कोणी द्यायचे, जायचे की नाही हे कोणी ठरवायचे? बहुतेक घरांत पुरुषच ठरवतो. मग त्यालाही हे कळायला हवे.

बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते. आपण त्याला पिशवी म्हणतो. ती मुठीएवढी असते. तिच्या दोन्ही अंगांना एक एक नळी असते. नळी अर्ध्या वितीएवढी लांब, पण आतून फार अरुंद. नळीच्या टोकाशी बीजकोश असतो, बदामाएवढा. डावीकडे एक, उजवीकडे एक. दर महिन्याला साधारण एक बीज बीजकोशातून बाहेर पडते. नळीच्या टोकाला झालर असते. ती झालर बीज उचलून आत घेते. पुरुषाचे बीज तिथे येऊन भेटते आणि गर्भ धरतो.

म्हणजे गर्भ धरतो तो नळीतच. सगळ्या बायकांचा. हे पुष्कळांना माहीत नसते. नळीच्या आत बारीक लव असते, डोळ्यांना न दिसणारी. ज्वारीच्या शेतावरून वारा गेला की कणसे कशी एका दिशेला लवतात, तशी ती लव हलते आणि गर्भाला पुढे ढकलते. चार-पाच दिवसांत गर्भ पिशवीत येतो आणि तिथे रुजतो.

आता शेतातला पाट आठवा. पाटाने पाणी वाफ्यात जाते. पाटात गाळ साचला, गवत माजले, की पाणी तुंबते. त्या पाण्याबरोबर वाहत आलेले बी वाफ्यात पोचत नाही. पाटातच अडकते आणि तिथेच रुजते. नळीचे तसेच होते. आतली लव खराब झाली किंवा नळी आतून चिकटली, की गर्भ वाटेतच थांबतो. तिथेच वाढू लागतो. पिशवी ताणते, मूल वाढेल तशी मोठी होते. नळीला तेवढे ताणता येत नाही. सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास ती फुटू शकते. मग रक्त पोटात सांडते. बाहेर थोडासाच डाग दिसतो, म्हणून घरच्यांना धोका कळत नाही.

तो गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही का? असे एका बाईने मला विचारले होते. प्रश्न चांगला आहे. पण तसे करता येत नाही. जगात कुठेही येत नाही. तो गर्भ वाचत नाही. वाचवायचे असते ते आईला.

पूर्वी आईही वाचत नसे. १८८३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी लॉसन टेट नावाच्या सर्जनने पोट उघडून फुटलेली नळी बांधली आणि कापून काढली. त्या साली पहिली बाई दगावली, दुसरी वाचली. तिथून ही वाट सुरू झाली. आज वेळेवर पोचलेली बाई दगावत नाही, म्हटले तरी चालेल. शंभर बायकांना दिवस गेले तर त्यांतल्या एक-दोघींच्या बाबतीत गर्भ असा बाहेर राहतो. म्हणजे ही गोष्ट अगदी दुर्मिळ नाही. आपल्या पंचक्रोशीत शोधले तर चार-दोन घरे सापडतील. बोलत नाहीत, एवढेच.

आता एका घरची हकीगत सांगतो. नाव सांगत नाही. नवरा माझा विद्यार्थी. लग्नाला दुसरे वर्ष होते. सुनेची पाळी चुकली. सासूने सांगितले, तिसरा महिना लागल्याबिगर कुठे बोलायचे नाही. दीड महिना झाला आणि पोटात एका बाजूला दुखू लागले. गॅस झाला म्हणून ओवा दिला. शेकले. बेंबी सरकली म्हणून एका म्हातारीकडून पोट चोळून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मोरीत चक्कर येऊन पडली. अंग पांढरेफटक. १०८ ला फोन केला, गाडी आली. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन झाले. डावी नळी काढली. रक्ताच्या बाटल्या चढवल्या.

बाई घरी आली, आणि मग दुसरे दुखणे सुरू झाले. ते दुखणे लोकांच्या तोंडचे. एक नळी गेली म्हणजे अर्धी बाई. आता कूस उजवायची नाही. पांढऱ्या पायाची आहे. नवऱ्याला दुसरे लग्न कर म्हणणारेही भेटले. बाळंतिणीला आपण महिना-सव्वा महिना जपतो. शेक-शेगडी करतो, डिंकाचे लाडू देतो. हिच्याही पोटातले गेले होते, वर ऑपरेशन झाले होते. पण हिच्या हाती कोणी लाडू दिला नाही. पंधराव्या दिवशी ती हंडा घेऊन पाण्याला निघाली होती. हे मला फार वाईट वाटते. गर्भ दीड महिन्याचा असो, तिच्या मनात तो मूलच होता. तिला रडू द्यावे. महिना-दीड महिना जड काम देऊ नये. नवऱ्याने जवळ बसावे. तोही आतून हललेला असतो, पण त्याला कोणी विचारत नाही.

आता लोकांच्या बोलण्यातले खरे किती, ते पाहू.

एक नळी गेली तरी दुसरी असते. बीजकोश दोन्ही असतात. दुसरी नळी चांगली असेल तर गर्भ धरायला ती पुरते. इतकेच नव्हे, डाव्या बीजकोशातले बीज कधी कधी उजवी नळी ओढून घेते. दोन्ही नळ्यांची टोके मोकळी असतात, पिशवीच्या मागे ती एकमेकींच्या जवळ येतात. शास्त्रज्ञांना हे आढळले आहे. असे दुखणे झालेल्या आणि पुन्हा मूल हवे असलेल्या शंभर बायका घेतल्या, तर सुमारे साठ-पासष्ट जणींना दोन वर्षांच्या आत पिशवीत गर्भ राहतो. काहींना त्यानंतर राहतो. मग अर्धी बाई कुठून आली?

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकदा नळीत गर्भ राहिला, की पुढच्या खेपेला तसे होण्याची भीती इतर बायकांपेक्षा जास्त असते. शंभरात साधारण दहा. उरलेल्या नव्वदांत तसे होत नाही. दहा हा आकडा लहान नाही, पण घाबरून मूलच नको म्हणावे इतका मोठाही नाही. तो आकडा आपल्याला एवढेच सांगतो की लवकर तपासा.

हे कशाने होते? पुष्कळदा आतल्या जंतूंनी. अंगावरून घाण वासाचे पांढरे जाते, ओटीपोट दुखते, आणि बाई वर्षानुवर्षे अंगावर काढते. ते जंतू नळीपर्यंत चढतात आणि आतली लव जाळतात. असे जंतू नवऱ्याकडून बायकोला आणि बायकोकडून नवऱ्याला लागतात. म्हणून औषध दोघांनी घ्यायचे असते. एकट्या बायकोने गोळ्या खाल्ल्या आणि नवरा तसाच राहिला, तर दुखणे पुन्हा येते. पुरुषांना हे सांगितले की ते खिडकीबाहेर बघतात.

आपल्या देशात आणखी एक कारण आहे, क्षय. क्षय फुप्फुसातच होतो असे नाही. खोकला नसताना तो नळ्यांना धरतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषध फुकट आहे. औषध सांगितले तितके महिने पुरे घ्यायचे. याशिवाय पूर्वी नळीचे किंवा पोटाचे ऑपरेशन झालेले असणे, विडी-सिगारेट ओढणे, पस्तिशी उलटणे, ही कारणे आहेत. मिश्री हीही तंबाखूच. गर्भाला ती वाईटच, तेव्हा मूल हवे असेल तर आधी मिश्रीची डबी चुलीत टाकावी. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या किंवा तांबी बसवलेल्या बाईला सहसा दिवस जात नाहीत. पण गेलेच, तर ते नळीत असण्याचा संभव जास्त. तिनेही पाळी चुकली तर दाखवावे.

आणि निम्म्या बायकांत काहीच कारण सापडत नाही. तिथे कोणाच्या माथी दोष मारणार? पपई खाल्ल्याने हे होत नाही. ग्रहण पाहिल्याने होत नाही. हंडा उचलल्याने, नजर लागल्याने, करणीने होत नाही. गर्भ नळीत अडकतो तेव्हा बाईला दिवस गेल्याचेही कळलेले नसते. तिने काय केले आणि काय नाही, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

पुन्हा प्रयत्न केव्हा करावा? इलाज कसा झाला त्यावर ते आहे. काहींचे ऑपरेशन होते. पोट चिरून होते, नाही तर दुर्बिणीने होते. अशा वेळी दोन पाळ्या नीट येऊन जाऊ द्या, असे बहुतेक डॉक्टर सांगतात. ऑपरेशननंतर लगेच जे अंगावरून जाते ती पाळी नव्हे, ते मोजू नये. खरी पाळी चार ते सहा आठवड्यांनी येते.

काही बायकांचे दुखणे लवकर सापडते, नळी फुटलेली नसते. त्यांना मेथोट्रेक्सेट नावाचे इंजेक्शन देतात. त्याने गर्भ विरून जातो, नळी कापावी लागत नाही. पण हे औषध जहाल आहे. ते अंगात असताना गर्भ राहिला तर त्या गर्भाला इजा होते. म्हणून इंजेक्शननंतर निदान तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. फॉलिक ॲसिडची गोळी त्या औषधाच्या उलट काम करते. तेव्हा इलाज चालू असताना ती घ्यायची नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करायची. थांबायच्या काळात निरोध वापरावा. आशाताईंकडे तो मिळतो.

हे दोन-तीन महिने वाया गेले असे समजू नका. रक्त पुष्कळ गेलेले असते. ते भरून काढायचे आहे. दवाखान्यात हिमोग्लोबिन पाहून घ्या. ते बारा असावे. आपल्याकडे पुष्कळ बायकांचे कमीच असते. लोहाच्या गोळ्या घ्याव्या. बाजरीची भाकरी, मेथी, चवळी, मोडाची मटकी खावी, वर लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. मग प्रयत्न सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून रोज फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी. ४०० मायक्रोग्रॅमची. मुलाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया भरताना ती लागते. बाईचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर ऑपरेशनच्या वेळी अँटी-डी नावाचे इंजेक्शन दिले होते का, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. त्याच घरात पुढच्या वर्षी काय झाले, ते ऐका. सुनेची पाळी पुन्हा चुकली. ती सासूजवळ गेली.

“आत्याबाई, सहा दिवस वर झाले.”

“मग गप ऱ्हा. तिसरा लागल्याबिगर कुणाला सांगू नगंस. नजर लागंल.”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, या बारीला लगेच या म्हणून.”

सासू थोडा वेळ जात्यापाशी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “मग मला काय इचारतीस? पोराला उठीव. चल, मी बी येते.”

त्या म्हातारीला मी मानतो. मागची चाल चुकीची होती असे कोणी तिला शिकवले नव्हते. सुनेला मोरीत पडलेली तिने पाहिली होती, तेवढे तिला पुरले.

बातमी तीन महिने झाकण्याची चाल जुनी आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचा संभव जास्त, म्हणून ती पडली असावी. गावाला सांगू नका, हे ठीक. पण डॉक्टरांपासून आणि आशाताईंपासून झाकू नका. ज्या बाईच्या नळीत एकदा गर्भ राहिला, तिला तीन महिने थांबता येत नाही. नळी त्याच्या आत फुटते.

पाळी चुकली की लघवीची तपासणी करावी. आशाताईंकडे निश्चय किट असते, फुकट. दोन रेघा आल्या की दिवस गेले. पण गर्भ कुठे आहे हे त्या रेघा सांगत नाहीत. नळीत असला तरी दोनच रेघा येतात. म्हणून पुढे सोनोग्राफी करावी लागते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सहा ते सात आठवडे झाले, की सोनोग्राफीत गर्भ पिशवीत आहे का ते दिसते. फार लवकर गेले तर कुठेच काही दिसत नाही. अशा वेळी घाबरू नये, आणि घरी बसूही नये. डॉक्टर रक्ताची तपासणी सांगतात. तिला बीटा एचसीजी म्हणतात. दोन दिवसांच्या अंतराने ती दोनदा करतात. आकडा नीट वाढला तर बहुधा सगळे ठीक असते. रेंगाळला तर पुन्हा सोनोग्राफी. पोटात दुखत असेल किंवा डाग दिसला, तर सहा आठवड्यांची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी जायचे.

ही सोनोग्राफी पुष्कळदा खालून, योनिमार्गातून करतात. बायका लाजतात. पण इतक्या लहान गर्भाला पोटावरून नीट पाहता येत नाही. त्याने गर्भाला इजा होत नाही. तिथे एक फॉर्म भरून घेतात. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तो फॉर्म असतो. त्याला भिण्याचे कारण नाही.

एक मोठा धोका अलीकडे वाढला आहे. पाळी चुकली की काही जण औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणतात. रक्त जाते, त्यांना वाटते सुटलो. पण गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही. तो तिथेच वाढतो आणि नळी फुटते. तपासल्याशिवाय अशा गोळ्या कधी घेऊ नयेत.

आणि या खुणा घरातल्या सगळ्यांनी पाठ कराव्या. ओटीपोटात एका बाजूला कळ. तपकिरी डाग. चक्कर. घाम सुटणे. सारखे शौचाला जावेसे वाटणे. खांद्याच्या टोकाशी दुखणे. खांद्याचा आणि पोटाचा काय संबंध, असे वाटेल. पोटात रक्त साठले की ते छातीखालच्या पडद्याला लागते, आणि त्याची कळ खांद्यात उमटते. पाळी चुकलेल्या बाईला यातले काही झाले तर शेकत बसू नका, चोळू नका. १०८ ला फोन करा. गाडी फुकट येते. ऑपरेशन लागण्याची शक्यता असते, तेव्हा पोटी काही देऊ नका. गाडीत बसतानाच सांगा, हिला मागे नळीत गर्भ राहिला होता. त्या एका वाक्याने डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

त्या सुनेचे काय झाले? गर्भ पिशवीत होता. सासूने पडद्यावर ठिपका पाहिला आणि बाहेर येऊन चहा मागितला. आता मुलगी बालवाडीत जाते.

सगळ्यांचे असे होते असे नाही. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. तपासणी दोघांची व्हावी. पुरुषाच्या वीर्याची तपासणी सोपी आहे, टाके नाहीत, भूल नाही. ती आधी करावी. बायकोच्या दहा तपासण्या होतात तरी नवरा तयार होत नाही, असे चालते. ते बरे नव्हे. दोन्ही नळ्या गेल्या किंवा बंद झाल्या, तरीही वाट उरते. बीज बाहेर काढून, पुरुषबीजाशी मिळवून, गर्भ पिशवीत ठेवतात. याला लोक टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात. १९७८ साली इंग्लंडात असे पहिले मूल झाले. त्याच्या आईच्या नळ्या बंदच होत्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ साली ६ ऑगस्टला असे मूल जन्मले. हा इलाज खर्चाचा आहे आणि दर वेळी यश येतेच असे नाही. यातही क्वचित गर्भ बाहेर राहतो, म्हणून लवकर सोनोग्राफी इथेही चुकत नाही.

शेवटी एक काम सांगतो. ते वाचता-लिहिता येणाऱ्यालाच जमते. ऑपरेशनचे कार्ड नीट ठेवा. त्यावर कोणती नळी काढली, डावी की उजवी, आणि दुसरी कशी दिसली, हे लिहिलेले असते. ते समजले नाही तर घरी सोडताना डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला पाळीच्या पहिल्या दिवसाला खूण करा. एका कागदावर रक्तगट, ऑपरेशनची तारीख, इंजेक्शन घेतले असल्यास त्याची तारीख आणि आशाताईंचा फोन नंबर लिहा. तो कागद कार्डात घालून पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कुठे टांगली आहे ते नवऱ्यालाही दाखवून ठेवा.